एमजीबीमध्ये रोव्हर व्ही८ इंजिन कसं बसवायचं

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मूळ १७९८ सीसी इंजिनातून साधारण ९५ हॉर्सपॉवर मिळते. त्याच जागेत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही८ बसतं, आणि तेही गाडीचं नाक जड न करता. या इंजिनाचा ब्लॉक आणि दोन्ही हेड अ‍ॅल्युमिनियमची आहेत, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही ते लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जड भरत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन घातल्यावर गाडी वळणावर सरळच जायला बघते, हा नेहमीचा त्रास इथे होत नाही.

हे काम आधी केन कॉस्टेलो या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हरने केलं आणि मग खुद्द कंपनीनेच हाती घेतलं. १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही८ च्या २,५९१ गाड्या तयार झाल्या. हॉर्सपॉवर १३७, टॉर्क सुमारे २६० न्यूटन-मीटर. म्हणजे माउंटिंग, रेडिएटर, स्टेअरिंग, अ‍ॅक्सलचा रेशो हे सगळे प्रश्न एकदा सोडवून झालेले आहेत. कंपनीने जिथे उत्तर काढून ठेवलं आहे तिथे तेच उचलावं. स्वतःची कल्पकता वापरायला पुढे भरपूर जागा मिळते.

काम सुरू करण्यापूर्वी कागदपत्रांचं बघून घ्या. इंजिन नंबर आणि सीसी नोंदणीवर बदलावे लागतात. काही ठिकाणी आधी परवानगी लागते, काही ठिकाणी नंतर तपासणी होते. विमा कंपनीलाही लेखी कळवायला हवं.

गाडी कोणती घ्यावी

१९७४ च्या शेवटापासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले. दिसायला ते फारसे कोणाला आवडत नाहीत, पण या कामासाठी हीच गाडी सोयीची. चार सिलिंडर आणि व्ही८ साठी कंपनीने एकच सांगाडा वापरायला सुरुवात केली, त्यामुळे इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट व्ही८ च्या जागी येतात आणि आतल्या विंगमध्ये एक्झॉस्टसाठी जागा ठेवलेली असते. त्यानंतरच्या गाड्यांत रेडिएटरही पुढे सरकलेला आहे.

क्रोम बंपरच्या गाडीत हे सगळं हाताने करावं लागतं. जुने माउंटिंग ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करायचे, आतल्या विंगचा पत्रा ठोकून बाहेर काढायचा, रेडिएटर पुढे न्यायचा आणि स्टेअरिंग कॉलमचं बघायचं. अशक्य काहीच नाही, पण पत्र्याच्या कामाचे दिवस वाढतात. ज्यांना क्रोमच हवं ते पुष्कळदा रबर बंपरच्या सांगाड्यावर क्रोमचं तोंड बसवतात. तसं करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: रबर बंपरच्या गाडीची उंची कंपनीने सुमारे ३८ मि.मी. वाढवली होती. ती खाली आणल्याशिवाय व्ही८ ची ताकद वळणावर वापरता येणार नाही.

गंज कुठे बघायचा? दारांखालच्या सिल्समध्ये. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. उघड्या रोडस्टरमध्ये तर सगळा भार या सिल्सवरच असतो. बाहेरचा पत्रा नवा आणि आतला कुजलेला, असं फार वेळा सापडतं. साधी परीक्षा अशी: गाडी चार चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग सिलच्या मध्याजवळ जॅक लावून थोडं उचला आणि पुन्हा मोजा. फट दोन-तीन मि.मी.ने बदलली किंवा दार अडायला लागलं, तर सिलच्या आतला मधला पत्रा गेला आहे. सिल बदलताना दाराच्या चौकटीत आडवी नळी टाके मारून बसवा आणि मगच जुना पत्रा कापा. नाहीतर सांगाडा मध्ये बसतो आणि दार परत कधीच नीट लागत नाही. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे हँगर जिथे बसतात तो पत्राही टोच्याने ठोकून बघा. व्ही८ चा सगळा जोर तिथूनच सांगाड्यात जातो.

इंजिनाची निवड

मुळात हे जनरल मोटर्सचं ब्युइक २१५ इंजिन. रोव्हरने हक्क घेतले आणि १९६७ पासून ते स्वतः बनवलं. पुढे पस्तीसेक वर्षं ते निरनिराळ्या आकारांत चालू राहिलं. ३.५ लिटरचा बोअर ८८.९ मि.मी. आणि स्ट्रोक ७१.१२ मि.मी. पुढे ३.९ लिटरला बोअर ९४ मि.मी. झाला, आणि ४.६ लिटरला त्याच बोअरवर स्ट्रोक ८२ मि.मी. केला.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने रोव्हर एसडी१ चं ३.५ लिटर इंजिन घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कार्ब्युरेटरवर १५५ हॉर्सपॉवर मिळते, सिलिंडरची भिंत जाड आहे, आणि संप, फ्लायव्हील, बेलहाउसिंग, पाच गिअरचा एलटी७७ गिअरबॉक्स असं सगळं एकाच गाडीतून निघतं. रेंज रोव्हरचं ३.५ घेतलं तर त्याचं कॉम्प्रेशन बघा. इंजिन नंबरजवळ ब्लॉकवर ते ठोकलेलं असतं. ८.१३ असेल तर इंजिन सौम्य, ९.३५ असेल तर जिवंत. रेंज रोव्हरचा संप आणि पुढची पुली-पंप मांडणी एमजीबीत बसत नाही, तेव्हा ते भाग वेगळे मिळवावे लागतील. संप बदलला की तेल ओढणारी पिकअप नळीही त्याच्याच जोडीची घ्या. ऑटोमॅटिक गाडीतून निघालेल्या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकात स्पिगॉट बुश नसतो. तो बसवायचा राहिला तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट लोंबकळतो आणि क्लच कधीच साफ सुटत नाही.

३.९, ४.० आणि ४.६ ही ९४ मि.मी. बोअरची इंजिनं मोहात पाडतात. त्यांचा दोष मात्र आधी समजून घ्या. बोअर मोठा केल्याने लोखंडी लायनरच्या मागची अ‍ॅल्युमिनियमची भिंत पातळ झाली. इंजिन एकदा जोरात तापलं की तिथे तडा जातो, लायनर सैल होतो आणि वर-खाली सरकतो. लक्षणं ठरलेली आहेत: इंजिन गरम झाल्यावर टकटक सुरू होते, कूलंट कुठेही न गळता कमी होत जातं, आणि प्लग काढले तर एक प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. असा ब्लॉक हेड गॅस्केट बदलून सुधारत नाही. त्यात वरच्या कडेला कॉलर असलेले लायनर बसवून घ्यावे लागतात. त्यांना वर्कशॉपमध्ये टॉप हॅट लायनर म्हणतात. तेवढा खर्च धरूनच ४.६ चा हिशेब करा. शेवटच्या ४.० आणि ४.६ ला डिस्ट्रिब्युटरची जागाच नाही. त्याआधीच्या मधल्या काळातलं फ्रंट कव्हर लांबीला कमी आणि डिस्ट्रिब्युटरसकट येतं, म्हणून एमजीबीवाले ते शोधत असतात.

इंजिन उघडल्यावर

या इंजिनात सर्वात आधी झिजतं ते कॅमशाफ्ट. वेळेवर तेल न बदललेल्या इंजिनात कॅमचे उंचवटे अक्षरशः गोल झालेले सापडतात. इंजिन सुरळीत चालतं, फक्त ओढत नाही. नवीन कॅम घातला की हायड्रॉलिक लिफ्टरही नवेच घ्या, जुन्या लिफ्टरचा तळ जुन्या कॅमबरोबर झिजलेला असतो. टायमिंग चेनही याच वेळी बदला.

हेड गॅस्केट दोन प्रकारचे मिळतात. जुना पत्र्याचा, सुमारे अर्धा मि.मी. जाडीचा, आणि नंतरचा कॉम्पोझिट, दाबल्यावर सुमारे १.२ मि.मी.चा. कॉम्पोझिट जास्त भरवशाचा, पण त्याने हेड वर उचललं जातं. कॉम्प्रेशन साधारण अर्ध्याहून जास्त अंकाने उतरतं आणि लिफ्टरचा प्रीलोड बदलतो. हा प्रीलोड न मोजता पुढे जाऊ नका. रॉकर शाफ्ट घट्ट करा, ज्या सिलिंडरचं मोजायचं त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि पुशरॉड लिफ्टरच्या आतल्या कपाला किती खाली दाबतो ते सर्क्लिपपासून मोजा. ०.५ ते १.५ मि.मी. यायला हवं. कमी आलं तर लिफ्टर वाजतात, तेव्हा लांब पुशरॉड घ्या. जास्त आलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि गाडी मिस मारते, तेव्हा रॉकर पेडेस्टलखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घाला.

जुन्या हेडला चौदा बोल्ट असतात. त्यातली बाहेरची, एक्झॉस्टकडची रांग बाकीच्यांइतकीच घट्ट केली तर हेड बाहेरच्या बाजूला कलतं आणि आतल्या बाजूने, व्हॅलीकडे, गॅस्केट फुंकतं. पुढे कंपनीने ही रांगच काढून टाकली आणि दहा बोल्ट ठेवले. तेव्हा आतले दहा बोल्ट ८८ ते ९५ न्यूटन-मीटर, टप्प्याटप्प्याने आणि मधून बाहेर, आणि बाहेरची रांग फक्त हलकी बसती. मेन बेअरिंगच्या पहिल्या चार कॅप ६८ ते ७५, सर्वात मागची ८८ ते ९५, कनेक्टिंग रॉड ४० ते ४७. हे आकडे जुन्या ३.५ चे आहेत. ४.० आणि ४.६ ला ताणले जाणारे बोल्ट येतात. ते एकदाच वापरायचे आणि अंशांत फिरवायचे. अ‍ॅल्युमिनियममधले आटे स्वच्छ आणि कोरडे करा. भोकात तेल किंवा पाणी साठलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ब्लॉकच फुटतो. आटे गेलेले दिसले तर तिथेच थांबून इन्सर्ट बसवा.

आधी अ‍ॅक्सल आणि ब्रेक, मग इंजिन

बहुतेकांची गाडी इथे चुकते. इंजिन चमकवून तयार होतं, आत जातं, आणि मागे मूळ ३.९०९ रेशोचं अ‍ॅक्सल तसंच राहतं. हिशेब बघा. १८५/७० आर १४ टायर एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर जातं. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८८० फेरे घेतं. ३.९०९ अ‍ॅक्सल आणि सरळ चौथा गिअर म्हणजे इंजिन ३,४३० आरपीएमवर. व्ही८ गाडीला कंपनीने ३.०७ रेशो दिला होता. त्याने तोच आकडा २,७०० वर येतो, आणि ०.८ च्या आसपासचा पाचवा गिअर लावला तर २,१५० वर. हे इंजिन खालच्या आरपीएमला ओढणारं आहे, त्याला तेच मानवतं. ३.९०९ ठेवून पाच गिअरचा बॉक्स लावला तर हायवेचं जमतं, पण पहिला गिअर इतका छोटा होतो की गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो. ३.०७ न मिळाल्यास एमजीसीचा (एमजीबीच्या सहा सिलिंडरच्या भावंडाचा) ३.३०७ हा चांगला मधला मार्ग आहे.

अ‍ॅक्सल नळीच्या प्रकारचं हवं. रोडस्टरला १९६७ पर्यंत आलेलं जुनं बँजो अ‍ॅक्सल या कामासाठी धरू नका. क्राउन-पिनियन बदलताना पिनियनची खोली आणि बॅकलॅश डायल गेजने बघायचा असतो. अंदाजाने बसवलेलं अ‍ॅक्सल पहिल्याच लांबच्या फेरीत किंचाळायला लागतं. ताराची चाकं कंपनीने व्ही८ ला दिलीच नाहीत. बोल्टवरची चाकं घ्या, ४ बोल्ट, ११४.३ मि.मी. अंतर.

पुढचे ब्रेक व्ही८ चे, म्हणजे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर, आणि सोबत सर्वो. ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या आणि गंजलेले पाइप याच वेळी बदला. इंजिन आत गेलं की त्यांतल्या निम्म्यांपर्यंत हात पोचत नाही. पुढच्या विशबोनला व्ही८ चे बुश घालावेत, चार सिलिंडरच्या गाडीवालेही ते आवर्जून घालतात.

रिकामा ब्लॉक घालून मोजमाप

पूर्ण इंजिन घालून मापं घेण्याच्या भानगडीत पडू नका. रिकामा ब्लॉक, त्यावर दोन जुनी हेड, संप, फ्रंट कव्हर, वॉटर पंप, बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्सचं कवच एवढं जोडा. हे दोघांना हाताळता येतं आणि दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करता येतं. गाडीचं बॉनेट काढा, गाडी चारही बाजूंनी स्टँडवर सारखी घ्या, चेन ब्लॉकने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच मागे झुकवून उतरवा.

पहिली अडचण गिअरबॉक्सच्या बोगद्याची. एलटी७७ मूळ बॉक्सपेक्षा जाड आहे. कुठे टेकतो तिथे खडूने खूण करा, बाहेर काढा, हातोडीने पत्रा सरकवा, पुन्हा घालून बघा. सगळीकडून किमान १० मि.मी. जागा हवी, कारण इंजिन रबरावर हलतं. क्रॉसमेंबर नवा बनवावा लागतो. तो बोल्टने निघणारा असू द्या, नाहीतर पुढे क्लच बदलताना इंजिनासकट सगळं काढावं लागेल.

इंजिन मागच्या बाजूला साधारण तीन अंश खाली झुकलेलं असावं. हा कोन मोजून ठेवा. मागच्या पिनियनचा कोन त्याला समांतर यायला हवा, फरक एका अंशाच्या आत. तसं नसेल तर ठरावीक वेगाला सबंध गाडीत थरथर येते आणि लोक विनाकारण चाकं बॅलन्स करत बसतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी मोजताना गाडीचं वजन अ‍ॅक्सलवर असलं पाहिजे. सरकत्या जोडाला आत जायला २० ते २५ मि.मी. मोकळी सोडा.

आता क्रॉसमेंबर आणि तेलाचा फिल्टर. व्ही८ चा फिल्टर फ्रंट कव्हरखाली लोंबतो आणि एमजीबीत नेमका तिथेच अडतो. कंपनीने तो दूर नेला होता, तुम्हीही तसंच करा. कव्हरला अ‍ॅडाप्टर, आतल्या विंगवर फिल्टरचा माथा, आणि किमान १२ मि.मी. आतल्या व्यासाच्या तेलाच्या नळ्या. इथे एक चूक हमखास होते. फिल्टरच्या माथ्यावर आत आणि बाहेर असे बाण असतात. नळ्या उलट लागल्या तर फिल्टरमधला तेल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह प्रवाहच अडवतो आणि प्रेशर येत नाही. नळ्यांवर रंगाची खूण आधीच करून ठेवा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावूनच मोजमाप पूर्ण करा. ब्लॉकला चिकटून खाली जाणारे हेडर्स असतील तर चेसिसच्या पट्टीजवळ उष्णता कोंडते. दुसरा प्रकार, आतल्या विंगमधून भोक पाडून चाकाच्या बाजूने खाली उतरणारा, जो १९९२ ते १९९५ मधल्या एमजी आरव्ही८ वर होता. विंगमध्ये कापाकापी करावी लागते, पण इंजिनाची जागा थंड राहते. आम्ही नेहमी दुसराच सुचवतो. कापलेल्या कडेला पट्टी वेल्ड करून मजबुती परत द्या. स्टेअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत मागचे उजवे दोन पाइप स्टेअरिंगच्या सांध्याशेजारून जातात. सांधा पूर्ण दोन्हीकडे फिरवून बघा, २० मि.मी.पेक्षा जवळ काही नको. ब्रेक आणि क्लचचे पाइप एक्झॉस्टपासून किमान ५० मि.मी. दूर आणि मध्ये पत्र्याची ढाल. उकळलेल्या द्रवावर पेडल सरळ तळाला जातं.

बॉनेटची उंची मोजायला मळलेली प्लास्टिसिन घ्या. एअर फिल्टरवर आणि मॅनिफोल्डच्या उंच जागांवर तिच्या गोळ्या ठेवा, बॉनेट अलगद बंद करून उघडा आणि दाबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. १५ मि.मी. हवी, कारण गॅस दिल्यावर इंजिन एका बाजूला उचलतं. एसडी१ चं मूळ मॅनिफोल्ड इथे बसत नाही. कंपनीने दोन एसयू एचआयएफ६ कार्ब्युरेटर मागे, बल्कहेडजवळ नेले आणि बॉनेट सपाट ठेवलं. चार बॅरलचा कार्ब्युरेटर मधोमध बसवला तर बुटका एअर फिल्टर लागतो आणि तरीही अनेकदा बॉनेटला उंचवटा द्यावा लागतो. इंजेक्शनचा प्लीनम, म्हणजे वरची हवेची पेटी, ठेवायचा असेल तर उंचवटा धरूनच चाला.

मापं जुळली की ब्रॅकेटना पूर्ण वेल्डिंग, इंजिनाच्या जागेला रंग, आणि मग खरं इंजिन.

पाणी

व्ही८ एमजीबी तापते असं सगळे म्हणतात. व्यवस्थित केलेली तापत नाही. रेडिएटर पुढे, त्याच्या पुढ्यात दोन इलेक्ट्रिक पंखे, ही कंपनीची मांडणी. रेडिएटर आणि सांगाड्यातल्या फटी पत्रा किंवा फोमने बंद करा. त्या उघड्या राहिल्या तर हवा रेडिएटरला वळसा घालून जाते, आणि मोठा रेडिएटर घेऊनही फरक पडत नाही. पंख्यांना स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या. अल्टरनेटर निदान ६५ अ‍ॅम्पिअरचा हवा, नाहीतर रात्री ट्रॅफिकमध्ये दिवे मंद होतात.

लोखंडी लायनर आणि अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक एकत्र असल्याने नुसतं पाणी कधीही घालू नका. गंजरोधक असलेलं कूलंट, निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी बदलायचं. कूलंट भरताना थर्मोस्टॅटच्या मागे हवा अडकते. थर्मोस्टॅटला तीन मि.मी.चं भोक पाडा, ते वरच्या बाजूला येईल असा बसवा, गाडीचं नाक उंच करा आणि हीटरची वरची नळी सैल करून तिथून कूलंट येईपर्यंत हळूहळू भरा.

पेट्रोल आणि ठिणगी

एसयू कार्ब्युरेटरला सुमारे ३ पीएसआय दाब पुरतो आणि गाडीचा मागचा एसयू पंप ते काम करतो. चार बॅरलच्या कार्ब्युरेटरला जास्त प्रवाहाचा पंप लागतो, दाब मात्र ५ ते ६ पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. फ्लोटची सुई दाबापुढे टिकत नाही आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ओसंडतं. रेंज रोव्हरचं हॉटवायर इंजेक्शन वापरणार असाल तर दाब सुमारे २.५ बार, टाकीकडे परतीची नळी, आणि वळणावर पंप कोरडा पडू नये म्हणून छोटी स्वर्ल पॉट, म्हणजे पेट्रोल साठवणारी मधली टाकी.

फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिल्यास डावीकडे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८. रोटर वरून बघितल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. ५ आणि ७ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या प्लग वायर एकमेकींना चिकटून गेल्या तर ५ ची ठिणगी ७ मध्ये उतरते आणि गाडी भाराखाली धक्के देते. दोन्ही वेगवेगळ्या क्लिपमधून न्या.

टॅकोमीटर चार सिलिंडरचा आहे, तो आठसाठी जुळवून घ्यावा लागतो. तसाच ठेवला तर दुप्पट आकडा दाखवेल. अगदी जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावण्याआधी ते निगेटिव्ह करून घ्या. इंजिन आणि सांगाडा यांमध्ये जाड अर्थिंग पट्टी विसरू नका. ती नसेल तर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या किंवा चोकच्या केबलमधून जातो आणि केबल लालबुंद होते.

पहिल्यांदा चालू करताना

या इंजिनाचा तेलपंप फ्रंट कव्हरमध्ये असतो आणि संपाच्या वर बराच उंच. कोरडा पंप तेल ओढत नाही. कव्हर बसवण्याआधी पंपाच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली ठासून भरा, ग्रीस नको, ते विरघळत नाही. मग फिल्टरमध्ये तेल भरा, डिस्ट्रिब्युटर बाहेर काढा आणि ड्रिलला पट्टी लावून पंपाचा शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा. प्रेशर आलं की ड्रिलचा आवाज एकदम जड होतो. दोन्ही रॉकरवर तेल दिसेपर्यंत चालू ठेवा. क्रँकवरून चालणाऱ्या पंपाच्या कव्हरमध्ये हे करता येत नाही. तिथे जेली भरून, सगळे प्लग काढून, स्टार्टरवर प्रेशर येईपर्यंत फिरवा.

डिस्ट्रिब्युटर परत घालताना एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे याची खात्री प्लगच्या भोकावर बोट ठेवून करा. नुसत्या पुलीच्या खुणेवर विसंबलात तर अर्धी शक्यता उलटी बसण्याची. टायमिंग ६ ते ८ अंश आधी ठेवा.

इंजिन पेटलं की आयडलवर सोडू नका. ताबडतोब २,००० ते २,५०० वर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, किंचित वर-खाली करत ठेवा. नव्या कॅमला तेल क्रँकच्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं. आयडलला ते पुरेसं नसतं आणि कॅम पहिल्या दहा मिनिटांत खराब होतो. तेल २०डब्ल्यू-५०, झिंक भरपूर असलेलं. त्या वीस मिनिटांत एकजण गेजकडे आणि एकजण गळतीकडे बघत राहील असं ठरवून ठेवा. मग तेल आणि फिल्टर बदला. पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३,५०० आरपीएमला २८ ते ३० अंशांवर बसवा.

गरम इंजिनाचं तेलाचं प्रेशर २,४०० आरपीएमला ३० ते ४० पीएसआय दिसलं तर घाबरू नका, हे इंजिन तेवढ्यावरच चालायला बनलेलं आहे. पंपाची स्प्रिंग कडक करून आकडा वाढवायच्या मागे लागू नका.

रस्त्यावर आल्यावर

पहिले १०० किलोमीटर झाल्यावर एक्झॉस्टचे बोल्ट, इंजिन माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. हेडचे बोल्ट कॉम्पोझिट गॅस्केटवर पुन्हा आवळायचे नसतात.

जोरात क्लच सोडल्यावर मागून धडधड ऐकू आली तर अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ देतंय. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, सुटतात, पुन्हा वळतात. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट ठीक असतील तर अ‍ॅक्सलपासून पुढे अँटी-ट्रॅम्प बार लावा. दुर्लक्ष केलं तर पुढचा हँगर फाटतो.

थंड असताना एलटी७७ दुसऱ्या गिअरला अडतो. त्यात घट्ट गिअर ऑइल भरलं असेल तर हा त्रास फार वाढतो. या बॉक्सला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, लागतं. एटीएफ भरूनही गरम झाल्यावर अडत असेल तर सिंक्रो झिजलेला आहे.

गाडी चालताना थंड आणि उभी राहिली की तापते, तर दोष पंख्यात किंवा त्याच्या स्विचमध्ये. उलट उभी असताना ठीक आणि वेगात तापते, तर हवेच्या फटी, पातळ मिश्रण किंवा मागे पडलेलं टायमिंग बघा. दोन्ही वेळा तापत असेल आणि रेडिएटरचं झाकण उघडल्यावर इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केट किंवा लायनर. झाकण इंजिन थंड असतानाच काढा आणि मग चालू करून बघा.

आणि प्लग दर हजार किलोमीटरने काढून बघत जा, निदान पहिल्या वर्षी. आठही प्लगचा रंग सारखा असायला हवा, फिकट तपकिरी. दोनच प्लग काळे आणि तेही एकाच बाजूचे निघाले, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी त्या बाजूच्या प्लग वायर आणि मॅनिफोल्डची गॅस्केट तपासा.